आबांचं पोट आणि ग्राफिक कार्ड

माजलगावात फोटो स्टुडिओ चालवायचा तर फोटो काढता येण्यापेक्षा पोट कमी करता येणं जास्त गरजेचं असतं. गिऱ्हाइकाचं. नवरीला उजळ करा, नवरदेवाच्या दाढीचा विरळ कोपरा भरून काढा, करवलीचे मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून बसवा, ही कामं लोक मोकळेपणी सांगतात. पोटाबद्दल मात्र चारचौघांत कुणी तोंड उघडत नाही. मंडळी अल्बमचे फोटो निवडून उठतात, चपला घालतात, बाहेर पडतात, आणि मग पन्नाशीतले एखादे गृहस्थ रुमाल विसरल्याचं निमित्त करून परत आत येतात. "तेवढं इथलं जरा आत घ्या की," म्हणत शर्टाच्या चौथ्या बटणाकडे बोट दाखवतात.

हे काम फोटोशॉपमध्ये लिक्विफाय नावाच्या फिल्टरने होतं. गोल ब्रश घ्यायचा, पोटाच्या कडेला टेकवायचा आणि हलक्या हाताने आत ढकलायचं. हात जड पडला तर पोटाबरोबर मागचा मंडपाचा खांबही आत वाकतो आणि मंगलाष्टकं चालू असताना भूकंप झाला होता की काय, असं अल्बमवरून वाटायला लागतं. या कलेत माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं माझं मत आहे. दुसऱ्या कुणाला मी अजून विचारलेलं नाही.

फोटोशॉप लिहिलं थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकेतल्या दोन भावांनी. त्याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. दोन सख्ख्या भावांनी मिळून एवढी इस्टेट उभी केली, हे मी आमच्या पारावर सांगितलं तेव्हा लोकांनी एकच प्रश्न विचारला, "वाटण्या कशा झाल्या?" त्या काळात सगळी मेहनत कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला करावी लागे. २००८ साली सीएस-४ आलं तेव्हा झूम करणं, कॅनव्हास फिरवणं अशी काही कामं ग्राफिक कार्डाकडे गेली आणि २०१२ च्या सीएस-६ मध्ये लिक्विफायही तिकडे गेलं.

त्याचं कारण अल्बमच्या मापात आहे. आमची शीट असते १२ बाय ३६ इंचाची आणि लॅबला ती ३०० डीपीआयची लागते. म्हणजे ३६०० गुणिले १०८००, एकूण ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके. हे झाले नुसत्या एका थराचे. त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा थर, सोनेरी महिरपीचा थर, ढगातून आशीर्वाद देणाऱ्या कैलासवासी आजोबांचा थर, आणि सगळ्यात वर 'मेड फॉर इच अदर'. यातलं एक पोट आत ढकलायचं म्हणजे लाखो ठिपक्यांना एकाच वेळी 'सरका' म्हणून सांगावं लागतं.

प्रोसेसरमध्ये चार पैलवान असतात. ग्राफिक कार्डात असते ती ऊसतोडीची टोळी. आमच्या बीड जिल्ह्यात टोळी माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. चार पैलवान फडात सोडले तर ते तोडतील जोरात, पण फड संपायला शिमगा उजाडेल. शेकडो कोयते एकदम लागले की दुपारपर्यंत बांध दिसायला लागतो. मी घेतलेलं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. त्यात ७६८ कोअर. एवढी टोळी एका फडात उतरलेली मी जन्मात बघितली नाही आणि ती माझ्या टेबलाखाली राहायला येणार होती.

कार्ड संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं आणि बसवलं मीच. गावात मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा माझा लौकिक आहे. त्याचं मूळ एवढंच की इतरांच्या आधी माझ्याकडे कॉम्प्युटर आला. तेव्हापासून मी सगळ्यांना 'बंद करून चालू करा' हा एकच सल्ला देत आलोय आणि तो बहुतेक वेळा लागू पडत आलाय. कार्ड बसवताना केबलची जराशी अडचण आली, ती तात्पुरती सोडवली. दाट तिथी होती, बाहेर दोन पार्ट्या अल्बमसाठी खोळंबल्या होत्या, बारीकसारीक गोष्टींत अडकायला वेळ नव्हता.

त्यानंतर स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला मी कार्ड दाखवायला लागलो. कॅबिनेटचं झाकण काढायचं, आतला काळा पंखा दाखवायचा, मग स्क्रीनवर एक शीट लहान-मोठी करून म्हणायचं, "बघा, मख्खन!" बघणारे माना डोलवायचे. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानेसुद्धा "फरक हाय बरं का" अशी पावती दिली. माझ्याकडे कामाला असलेला पोरगा तेवढा एकदा म्हणाला, "सर, मला तर पहिल्यासारखंच वाटायलंय." मी त्याला म्हणालो, बाळ, नजर तयार व्हायला वेळ लागतो.

अशा सुखात दिवस चालले असताना आबांचा अल्बम आला.

आबांना सगळा तालुका आबाच म्हणतो. सिंदफणेच्या काठाला बागायत, थोरल्या मुलाचं लग्न २०२३ च्या मे महिन्यात थाटात झालेलं. माणूस उंच, मिशा भरघोस, फेटा तुऱ्यासकट आणि या सगळ्याच्या पुढे दोन पावलं पोट. व्याहीभेटीच्या फोटोत तर दोन्ही व्याही अजून हात पसरतायत तोवर पोटांची गळाभेट होऊनही गेली होती. आबा नेहमीप्रमाणे रुमाल विसरले, परत आले, म्हणाले, "सर, येवढं बगा. व्याही लई बारीक हायेत. शेजारी शोभत न्हाई."

तारीख पक्की होती. त्या साली अधिक श्रावण होता, १८ जुलैला लागणार होता. आमच्या तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे आणि धोंड्याच्या महिन्यात तिथं दर्शनाला ही गर्दी लोटते. आबांचे व्याही सहकुटुंब पुरुषोत्तमपुरीला येणार, परत जाताना आबांकडे जेवणार, आणि जेवणानंतर अल्बम बघणार, असा बेत ठरला होता. याच पुरुषोत्तमपुरीत रामचंद्र यादवाचा १३१० सालचा ताम्रपट सापडला. सात शतकांनंतरही तो वाचता येतो. माझी पीएसडी फाईल मात्र चहा पिऊन येईपर्यंत टिकेल याची खात्री नसते.

एका रात्री कॉम्प्युटरने माझ्या परवानगीशिवाय काहीबाही अपडेट करून घेतलं. सकाळी मी व्याहीभेटीची शीट उघडली, लिक्विफायमध्ये गेलो, ब्रश आबांच्या पोटाला टेकवला. पोट गेलं. सगळंच गेलं. त्या जागी एक काळा चौकोन आला. फेटा जागेवर, मिशा जागेवर, धोतराचा सोगा जागेवर आणि मधे नुसता अंधार. ब्रश उचलला तर चौकोन सरकून व्याह्यांच्या तोंडावर गेला. मग पडदा एकदा काळा झाला, परत उजळला, आणि कोपऱ्यात सूचना आली की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरलाय. मागोमाग फोटोशॉपनेही कळवलं की ग्राफिकच्या जोरावर चालणाऱ्या सोयी तूर्त बंद करण्यात येत आहेत.

मी बंद करून चालू केलं. ड्रायव्हर परत पडला.

मी याचा अभ्यास करायचं ठरवलं. अभ्यासात कळलं ते असं : विंडोज ग्राफिक कार्डाला काम देतं आणि दोन सेकंद वाट बघतं. तेवढ्यात कार्डाकडून काही हालचाल दिसली नाही, तर ते मेलं असं धरून ड्रायव्हर नव्याने उठवतं. दोन सेकंद! आमच्याकडे 'निघालोच' म्हणालेला माणूस तेव्हा आंघोळीला बसलेला असतो. तहसीलला अर्ज टाकला तर आपण दोन महिने चौकशीलाही जात नाही, वाईट दिसतं. या घाईनेच सगळा घोटाळा होतोय असं माझं ठाम मत झालं. रजिस्ट्रीत टीडीआर-डिले नावाची किल्ली घालून ही मुदत वाढवता येते, ती मी वाढवून दहा सेकंद केली. त्यामुळे पूर्वी जो काळा चौकोन दोन सेकंद दिसून कोसळायचा, तो आता सावकाश दहा सेकंद दिसायला लागला. मग कोसळायचा.

मग ड्रायव्हरची पाळी. नवा ड्रायव्हर बायकोच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवला. तिचा दिवसाचा डेटा संपला आणि संध्याकाळची मालिका बुडाली. याचे पडसाद जेवणात उमटले, ते इथं सांगत नाही. नवा ड्रायव्हर टाकला, फरक नाही. जुना टाकला, फरक नाही. गेम खेळणाऱ्यांसाठी वेगळा आणि आमच्यासारख्या निर्मितीक्षम लोकांसाठी वेगळा असे दोन प्रकार निघतात. दोन्ही टाकले. मग सेफ मोडमध्ये जाऊन, ड्रायव्हर मुळासकट उपटणारं एक अवजार मिळतं ते चालवून, सगळा फड साफ केला आणि पहिल्यापासून पेरणी केली. कार्डाचे सगळे ड्रायव्हर इतके व्यवस्थित बसले की तिथं बोट ठेवायला जागा उरली नाही. लिक्विफाय उघडलं, काळा चौकोन हजर.

फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबून धरली की ते 'सगळ्या आवडीनिवडी पुसून टाकू का' असं विचारतं. मी आधी घाबरलो, मग 'होय' म्हणालो. अनेक वर्षं हाताला सवयीची झालेली माझी सगळी मांडणी गेली. हत्यारं डावीकडची उजवीकडे गेली, जतन करायचे राहिलेले ब्रश दिसेनासे झाले. स्टुडिओतल्या पोराने मागून विचारलं, "सर, चौकोन गेला का?" चौकोन तेवढा राहिला होता.

एव्हाना बातमी बाजारात पसरली होती आणि जो येईल तो आपलं निदान देऊन जात होता. मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, रॅम. फ्लेक्सवाला म्हणाला, व्होल्टेज. माझे एक मेहुणे बँकेत आहेत, त्यांनी सर्व्हर डाउन असेल अशी शंका काढली. व्होल्टेजचं मला पटलं. आमच्या जिल्ह्यातच परळीला वीज तयार होते, तरी माझ्या बोर्डातला दिवा काही ठरावीक वेळी मान टाकतोच. म्हणून नवा एसएमपीएस आणून बसवला. मग कपाशीच्या सरकीचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ आत बसली असेल म्हणून ब्लोअर मारला. सगळ्या केबली काढल्या, पुसल्या, परत लावल्या. प्रत्येक केबल जिथं बसते तिथं बसवली. निळ्या टोकाची मॉनिटरची केबल निळ्या खाचेत अशी चपखल बसली की मला समाधान वाटलं. चुकीच्या जागी गेली असती तर ती बसलीच नसती ना.

इथं एक सांगायला हवं. इलाज माझ्या हाताशी होता. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स नावाचं पान आहे. त्यात ग्राफिक प्रोसेसर वापरावा की नाही याची एक टिक असते. ती काढली की सगळं काम चार पैलवान करतात, काळा चौकोन येत नाही. मी काढून बघितली होती. ब्रश ओढायचा, थांबायचं, पोराशी दोन शब्द बोलायचे, मग पोट आत जायचं. वेळ लागला असता, पण आबांचं काम झालं असतं. शहाण्या माणसाने ते असंच उरकलं असतं. पण ज्याने अख्ख्या बाजारपेठेला कॅबिनेटचं झाकण काढून दाखवलंय, त्याने टिक कोणत्या तोंडाने काढायची? मी टिक परत लावली. त्याच पानावर, टिकच्या अगदी शेजारी, कोणतं ग्राफिक सापडलंय त्याचं नाव छापलेलं असतं. ते मी वाचलं नाही. इंग्रजी खिडकीत जिथं जाड अक्षरं दिसतात ती वाचायची आणि बाकीच्याला ओके म्हणायचं, हा माझा जुना शिरस्ता.

या सगळ्यात एक फायदा मात्र झाला. उशीर झालेले सगळे अल्बम एका झटक्यात निर्दोष ठरले. पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं कारण सांगावं लागे आणि कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागे. आता फोन आला की मी गंभीर आवाजात म्हणायचो, "ग्राफिक कार्डाचा प्रॉब्लेम आहे हो." यावर उलट प्रश्न कसा विचारायचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांच्या अल्बमचं काम मी सुरूही केलं नव्हतं, तेसुद्धा "बरं बरं, बघा, काळजी घ्या" म्हणून फोन ठेवायचे.

अधिक महिना तोंडावर आला तसे आबा रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले. रागावणं वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, फेटा काढून मांडीवर ठेवायचे आणि माझ्या कसरती बघायचे. पावसाने ओढ दिलेली, पत्रा तापलेला, आत नुसता उकाडा. मी कॅबिनेट उघडं टाकून त्याच्याकडे टेबलफॅन वळवला होता, त्यामुळे आम्ही दोघं घामाने निथळत होतो आणि कार्ड तेवढं हवा खात होतं. आबांनी एकदा स्वतःचा पडद्यावरचा काळा चौकोन बघितला. बराच वेळ बघून म्हणाले, "इतकं बी कमी नगं."

मग ते खुर्चीसकट पुढे सरकले आणि कॅबिनेटमध्ये वाकले.

"ह्यो नवा भाग का?"

"होय आबा. सगळं काम हाच करतो."

"मशीन चालूच हाय नव्हं आत्ता?"

"चालू आहे. बघा की, पंखा फिरतोय."

आबांनी उजव्या हाताचं मधलं बोट कार्डाच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर टेकवलं. तसंच ठेवलं. बोअरच्या मोटारी भरणं, पंप उतरवणं ही कामं ते घरची घरी करतात, गावातल्या लोकांच्याही करून देतात. त्या बोटाच्या नखाखाली ग्रीस कायमचं बसलेलं होतं.

"सर, हे गार हाय."

"क्वालिटी आहे आबा. म्हणून तर एवढे पैसे मोजले." हे मी अभिमानाने म्हणालो. कार्ड थंड राहतं हे तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला खास हात लावून दाखवत असे.

"क्वालिटी नव्हं," आबा बोट न उचलता म्हणाले. "मोटार लोडवर आसली तर कोमट तरी लागती. इतक्या उकाड्यात गार म्हंजी ती पाणीच उचलंना. नुसता फॅन फिरायलाय. ह्याच्यातून टीव्हीला जायाची वायर कुठली?"

टीव्ही म्हणजे मॉनिटर. मी म्हणालो, मागच्या बाजूला आहे. आबा उठले, कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढलं. मागून कापसाचं एक बोंड, दोन मेमरी कार्डांची झाकणं आणि कार्डाचा वॉरंटीचा कागद निघाला. आबांनी मॉनिटरची निळी केबल हातात धरली आणि बांधावरची पाइपलाइन शोधत जावी तशी खाली खाली नेली. ती कार्डापर्यंत गेलीच नाही. वरच, मदरबोर्डाच्या अंगच्या निळ्या खाचेत शिरली होती. तिच्या मानेला पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा गुंडाळलेला होता. त्यावर निळ्या बॉलपेनने, माझ्या अक्षरात लिहिलं होतं : 'तात्पुरती. उद्या बदलणे.'

मग सगळं आठवलं. माझा मॉनिटर जुना, त्याला पंधरा पिनांची निळी व्हीजीए केबलच लागते. नव्या कार्डाच्या पाठीवर एचडीएमआय, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट अशी तीन भोकं, पण निळं एकही नाही. एक छोटा कन्व्हर्टर लागतो. त्या दिवशी दुकान बंद होतं, तिथी दाट होती. म्हणून मी केबल मदरबोर्डाला लावली. पडदा अंधारातच राहिला तेव्हा बायोसमध्ये जाऊन अंगचं ग्राफिक परत चालू केलं. हे सगळं मी स्वतः, हुशारीने केलं होतं. हुशारीने चिठ्ठीही लावली होती. ती भिंतीकडे तोंड करून इतके दिवस माझी वाट बघत होती.

म्हणजे ७६८ कोयते उचल घेऊन माझ्या खोक्यात बसून होते, त्यांना फडच दाखवला नव्हता. पडद्यावरचं सगळं काम मदरबोर्डाच्या अंगचं जुनं ग्राफिक एकटं ओढत होतं. त्या रात्रीच्या अपडेटनंतर बिनसलं होतं ते त्याचं. मी ज्याचे ड्रायव्हर उपटले, पेरले, धुतले, पुसले त्या कार्डाचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. आणि 'मख्खन'? ते मख्खन कशाचं होतं, याचा विचार मी करायच्या आत स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "सर, माझी नजर तयार हुती म्हणा की." पोरांना हल्ली वेळेचं भान नसतं.

कन्व्हर्टर चौकातल्या मोबाइलच्या दुकानात मिळाला, दोन-अडीचशे रुपयांत. एसएमपीएस, ब्लोअर आणि मालिकेच्या नुकसानभरपाईपोटी आणलेली साडी यांची बेरीज मी केलेली नाही, तुम्हीही करू नका. केबल कार्डात गेली. परफॉर्मन्सच्या पानावर मी पहिल्यांदा बारीक अक्षरं वाचली आणि तिथं माझ्या कार्डाचं नाव होतं. लिक्विफाय उघडलं. ब्रश टेकवला. आबांचं पोट असं आत गेलं की मी दचकून हातच मागे घेतला. इतकी वर्षं मी ढकलायचो, मग पोट विचार करायचं, मग सरकायचं. आता ढकलायच्या आधीच सरकत होतं. पहिल्याच झटक्यात व्याही जाड दिसायला लागले.

आबा खुर्ची ओढून शेजारी बसले. आता काम चुटकीसरशी होतंय म्हटल्यावर त्यांना हुरूप आला.

"थोडं आजून आत."

घेतलं.

"आता लई झालं. परत थोडं भायेर. पाव्हणे वळखायचे न्हाईत."

काढलं.

"मिशीला बी चालतं का हे?"

मिशी झाली. फेट्याचा तुरा झाला. व्याह्यांचा खांदा त्यांच्या नकळत जरा पाडला. पूर्वी असं कुणी सांगायला लागलं की मी पडद्यावरचं फिरणारं चक्र दाखवायचो आणि माणूस आपोआप गप्प व्हायचा. आता चक्रच फिरत नव्हतं. प्रत्येक सूचनेची अंमलबजावणी तिथल्या तिथं दिसत होती आणि सूचना संपत नव्हत्या. कार्डाच्या पात्यांना आबा मधूनमधून बोट लावून बघत होते. "आता कोमट हाय," म्हणत होते.

तेवढ्यात फोन वाजला. गेवराईकडची पार्टी, मार्चमधलं लग्न. त्यांच्या अल्बमची एक शीटही मी उघडलेली नव्हती. मी खुर्चीत नीट बसलो, आवाज खाली आणला.

"काय सांगू साहेब, अहो ते ग्राफिक कार्डच..."

"कार्ड झालं की नीट!" आबा मागून गरजले. शेतात मोटार चालू ठेवून बोलायची सवय, आवाज रस्त्यापलीकडे गेला. "मी सोता हात लावून बघितलंय. द्या इकडं."

फोन माझ्या हातातून गेला. आबांनी पलीकडच्या माणसाला गाव विचारलं, आडनाव विचारलं, लांबचं का होईना नातं काढलं, आणि मोटार पहिल्यापासून चुकीच्या खांबाला जोडलेली होती ही हकीगत टेपवरच्या अक्षरासकट सांगितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई न्हाई, आता काय येळ लागत न्हाई. परवा या न् घेऊन जावा."